सहाशे लिटर

सुईणबाई म्हणाल्या, फुगवायचा टब मिळतो भाड्यानं,
आठ हजार, पंप वेगळा.
फोटो दाखवला. निळा टब,
त्यात एक बाई डोळे मिटून, केस ओले,
जणू तिच्या घराखाली कुणी राहतच नाही.

मी आधी विचारलं, पाणी किती?
सहाशे लिटर. कोमट.

आमच्या कन्नमवार नगरात पाणी येतं चार चाळीसला
आणि सहाला जातं.
त्यासाठी मला घड्याळ लागत नाही,
नवराच सोडतो ते.
उत्तम, पालिकेचा चावीवाला.
रस्त्यातलं झाकण उचलून
छातीएवढी लोखंडी चावी आत उतरवतो
आणि सत्तावीस फेरे मोजतो.
एखाद्या पहाटे पंचविसावर थांबला
तर चौथ्या मजल्यावरून त्याच्या आईचा उद्धार होतो.

सहाशे लिटर म्हणजे आमची तीन पिंपं.
म्हणजे मला धरून पावणेसातशे किलो
एकाहत्तर सालच्या स्लॅबवर,
जिचे पापुद्रे आताच
खालच्या शिरोडकरांच्या ताटात पडतात.
गीझर पंधरा लिटरचा.
उत्तमनं लाइटबिलाच्या पाठीवर भागाकार केला,
चाळीस वेळा तापवायचं,
शेवटचं गरम होईतो पहिलं गार.
मग पेनाला टोपण लावलं
आणि माझ्याकडे न बघता म्हणाला,
त्या दिवशी वीस मिनिटं जास्त सोडू?
कुणाला कळणार आहे.

मला कळलं असतं.
लाइनीच्या शेवटी जी वस्ती आहे
ती माझं माहेर.
धार तिथं करंगळीएवढी.
एक हंडा भरेस्तोवर आई
मला एकोणीसचा पाढा म्हणायला लावायची,
दोनदा.

टब नको, म्हटलं.

यशूच्या वेळी टेबल होतं स्टीलचं,
दिवा थेट डोळ्यांत,
आणि एक आवाज, चेहरा आठवत नाही,
तेव्हा नाही ओरडलीस, आता कशाला ओरडतेस?
सहा वर्षं झाली.
अजून भांडी घासताना मध्येच
मी तिला उत्तर देते.

म्हणून घरी.
डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी दोनदा पाहिली,
ठीक आहे म्हणाल्या, पण हट्ट नाही करायचा,
मी सांगितलं की निघायचं.
लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्याचा जिना
उत्तमनं टेपनं मोजला,
वळणावर स्ट्रेचर अडतं, खुर्ची जाते.
मग मला खुर्चीत बसवून
तो आणि वॉचमन अस्लम खालपर्यंत घेऊन गेले.
शिरोडकरकाकू दार उघडून म्हणाल्या, अगंबाई, आजच?
नाही काकू, रंगीत तालीम.
हसून हसून मला तिथंच कळ आली,
खोटी निघाली.

चादरी उकळून इस्त्री केल्यात.
दोन बादल्या, एक लाल प्लास्टिकचा स्टूल.
यशूला तिच्या आत्याकडे पाठवायचं,
ती म्हणते मी दाराबाहेर बसेन, कान झाकून.
अजून ठरलेलं नाही.
सुईणबाई म्हणाल्या, पाण्याचं काय एवढं,
फुटेल तेव्हा फुटेल,
तुला लोंबकळायला काहीतरी हवं.
साडी बांधून पाहिली खिडकीच्या ग्रिलला.
ग्रिलच हातात आलं.

काल तो सव्वासहाला आला,
बूट चिखलाचे, हात लोखंडाच्या वासाचे.
चावी नेहमी दारामागे उभी असते.
मी म्हटलं, आण ती इकडे.
धुतली. खाली गोणपाट दुमडून घातलं.
त्यानं मधला दांडा दोन्ही हातांनी रोवून धरला,
मी वरच्या आडव्या मुठी पकडल्या
आणि हळूहळू खाली बसत गेले,
गुडघे उघडत, श्वास सोडत,
माझं सगळं वजन त्या चावीवर.
हलली नाही.

त्याचे खांदे मात्र सवयीनं
वळायला लागले उजवीकडे.

फिरवू नकोस, म्हटलं.
नुसती धर.